खारी हवा, मचूळ पाणी आणि वॉशिंग सेंटरची शेड: एका सांगाड्याची निवड

रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत सव्वा किलोमीटरवर, कातळाच्या सड्यावर गाड्या धुण्याचं एक केंद्र आहे. लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर, वळचणीची उंची साडेचार मीटर. दोन चारचाकी उभ्या राहतील एवढ्या दोन मोऱ्या, त्यातल्या एकीत हायड्रॉलिक लिफ्ट, आणि कडेला दुचाकींसाठी अरुंद पट्टा. जुनी शेड सहाव्या पावसाळ्याच्या तोंडावर उतरवावी लागली. नवी बांधताना मालकाचा पहिला प्रश्न होता, "पत्रा कोणता टाकायचा?" पत्रा शेवटी ठरला. आधी ठरलं ते शेडमध्ये पाणी कुठे उडतं, कुठे थांबतं आणि कुठे कधीच वाळत नाही.

जुन्या शेडनं काय दाखवलं

जुने खांब ७२ बाय ७२ मिमीच्या चौकोनी पोकळ पाइपचे होते, भिंतीची जाडी ३.२ मिमी. त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन. खांब थेट कोब्यात गाडलेले. कैच्या, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या त्रिकोणी चौकटी, पाइपच्याच, जागेवर वेल्डिंग केलेल्या. छपराला ०.४० मिमीचा साधा गॅल्व्हनाइझ्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा. तीन बाजूंना मीटरभर उंचीची चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत, बिनगिलाव्याची.

उतरवण्याआधी प्रत्येक खांब हातोडीनं ठोकून पाहिला. कोब्यापासून वरच्या वीतभर पट्ट्यात आवाज बद्द येत होता, आणि दोन खांबांत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. बाहेरचा रंग बऱ्याच ठिकाणी शाबूत होता, म्हणजे खांब आतून खाल्ला गेला होता. पोकळ पाइपच्या वरच्या तोंडाला टोपी होती, पण वेल्डच्या बारीक भोकांतून दमट हवा आत जाते, रात्री तिचं पाणी होतं, ते तळाशी साचतं आणि तिथून त्याला वाट नसते. पाइपचा आतला पृष्ठभाग कोणी रंगवलेला नसतो. रंगवता येतही नाही.

दुसरा बळी कैचीचे सांधे. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचा रंग जळतो, वर घाईघाईत ब्रश फिरवला जातो, आणि गंज बरोबर तिथून सुरू होतो. तिसरा, पत्र्याचे जोड आणि स्क्रू. एकावर एक आलेल्या दोन पत्र्यांच्या मधलं पाणी केशाकर्षणानं वर चढतं आणि वाळत नाही. चौथी चिऱ्याची भिंत. जांभ्याच्या छिद्रांत मऊ माती असते. रोजच्या १०० ते १२० बार दाबाच्या फवाऱ्यानं ती धुऊन निघाली आणि चिरा मधाच्या पोळ्यासारखा झाला. चिरा घराच्या भिंतीला उत्तम आहे, पण प्रेशर वॉशरच्या समोर त्याला उभं करू नये.

एक गोष्ट मात्र उलटी दिसली. पश्चिमेच्या खांबांची बाहेरची बाजू, जिला जूनपासून चार महिने झोडपणारा पाऊस लागतो, ती सगळ्यांत कमी गंजली होती. छपराच्या आतली, पावसाचा थेंबही न लागणारी बाजू सगळ्यांत जास्त. याचं कारण मीठ. ऑक्टोबर ते मे खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं. बाहेरचं मीठ मिरगाच्या पहिल्या सरींबरोबर धुऊन जातं. आतलं तिथेच राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि कोरड्या दिवसातही लोखंड ओलं ठेवतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून गंज जास्त, हे अर्धंच खरं. पाऊस ज्या पृष्ठभागापर्यंत पोचतो तिथलं मीठ तोच धुतो.

मीठ तीन वाटांनी

हवेतलं मीठ ही पहिली वाट. दुसरी गाड्यांची. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी उचलणारे टेंपो या केंद्राचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांच्या हौद्यातून वितळलेल्या बर्फाचं खारं, मासळीच्या रक्ताचं पाणी निथळतं आणि ते थेट खांबांच्या पायाशी येतं. तिसरी वाट विहिरीची: पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत पाणी गोड, एप्रिल-मेमध्ये मचूळ. जे पाणी मीठ धुण्यासाठी वापरायचं तेच उन्हाळ्यात मीठ घेऊन येतं.

त्यात भर रसायनांची. फोमचा शाम्पू साधारण सौम्य असतो. इंजिनाचं डिग्रीजर (तेलकट मळ काढणारं द्रावण) तीव्र अल्कधर्मी, पीएच १२ ते १३ पर्यंत. रिम साफ करायचं द्रावण उलट आम्लधर्मी, पीएच १ ते ३. जस्ताचा थर पीएच ६ ते १२.५ या पट्ट्यात तग धरतो, त्याबाहेर झपाट्यानं विरघळतो. ॲल्युमिनियमचा पट्टा त्याहून अरुंद, साधारण ४ ते ८.५. आम्ल सिमेंटलाही खातं. म्हणजे सगळीकडे सगळं सोसेल असा एकही माल नाही. चकाकत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खालच्या भिंतीला लावून देणारे कारागीर भेटतात. पहिल्या डिग्रीजरच्या शिंतोड्यानंतर त्या पांढऱ्याफटक पडतात.

जस्ताचा हिशोब

हवेच्या गंजकपणाचे सी१ ते सीएक्स असे सहा वर्ग आयएसओ ९२२३ मध्ये दिले आहेत. सी५ म्हणजे किनाऱ्याची खारी हवा: पहिल्या वर्षी जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) झिजतं, साधं पोलाद ८० ते २०० मायक्रॉन. सव्वा किलोमीटरवरची उघडी जागा एरवी एक पायरी सौम्य सी४ मध्ये बसली असती. पण आत रोज उडणारं पाणी, मासळीचे टेंपो आणि पावसानं न धुतला जाणारा छपराखालचा भाग पाहून हिशोब सी५ चा धरला.

आता जुना पत्रा. बाजारात "१२० जीएसएम" (चौरस मीटरला १२० ग्रॅम) म्हणतात तेव्हा ते दोन्ही बाजूंचं मिळून जस्त असतं. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८.४ मायक्रॉन. सी५ मध्ये ते एक ते दोन वर्षांत संपतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पत्रा तांबूस का झाला याचं उत्तर हेच. पत्रा बनावट नव्हता, जागा चुकली होती. २७५ जीएसएमचा पत्रा घेतला तरी बाजूला १९ मायक्रॉन, म्हणजे दोन ते साडेचार वर्षं.

याउलट ६ मिमीहून जाड सेक्शन (अँगल, चॅनल असा लोखंडी नग) तयार करून अखंड वितळलेल्या जस्तात बुडवला की सरासरी ८५ मायक्रॉन थर बसतो. सी५ मध्ये त्याचं आयुष्य १० ते २० वर्षं. सेक्शन पातळ असेल तर थरही पातळ बसतो: ३ ते ६ मिमीला ७० मायक्रॉन, त्याखाली आणखी कमी. म्हणून पातळ झेड पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी) वजनात वाचवते ते जस्तात गमावते. वरून योग्य रंग दिला तर दोघांचं मिळून आयुष्य नुसत्या बेरजेपेक्षा दीडपट ते सव्वादोनपट निघतं, कारण रंग जस्ताला झाकतो आणि रंगाला ओरखडा पडला तरी खालचं जस्त गंजाला पसरू देत नाही.

कोणते पर्याय बाद झाले

तीच शेड जाड पाइपमध्ये पुन्हा, हा सगळ्यांत स्वस्त पर्याय फॅब्रिकेटरनं दिला. आतून गंजणारा खांब ३.२ ऐवजी ४.८ मिमीचा केला तर दोन-तीन पावसाळे जास्त निघतील, रोग तोच.

पूर्ण आरसीसी आणि वर स्लॅब, हा दुसऱ्या टोकाचा विचार. आठ मीटरच्या गाळ्याला खोल तुळया, साडेचार मीटर उंचीवर सेंट्रिंग, आणि आतून कायम ओली राहणारी स्लॅबची खालची बाजू. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी पडलेल्या ठिकाणी सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो आणि काँक्रीटचे ढलपे खाली पडतात, इथे तर गाडीच्या बोनेटवर किंवा माणसाच्या डोक्यावर. छपरासाठी नको, असं ठरलं.

एफआरपी, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे सेक्शन, गंजत नाहीत. पण त्यांचा ताठपणा पोलादाच्या जवळपास दशांश. त्याच मापाचा सेक्शन त्याच भाराखाली साधारण दहापट लवतो. आठ मीटरच्या कैचीला ते भलतंच महाग पडतं. मात्र गटारावरच्या जाळ्या आणि दोन मोऱ्यांमधला आडपडदा यांना एफआरपीसारखा माल नाही, आणि तिथे तो घेतला.

सगळाच सांगाडा स्टेनलेसचा करायचा तर ३१६ प्रतीचा हवा, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. ३०४ वर खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखी तपकिरी छटा येते. खर्च पाहता स्टेनलेस स्क्रू आणि क्लॅम्पपुरतंच ठेवलं. लाकूड विचारात आलं आणि लगेच गेलं: रोज भिजणं आणि वाळणं, त्यात सड्यावरची वाळवी.

उंचीप्रमाणे माल

शेवटी शेडचे आडवे तीन पट्टे पाडले.

जमिनीपासून १.२ मीटरपर्यंतचा पट्टा सगळ्यांत वाईट: रसायनं, मासळीचं पाणी, थेट फवारा, बंपरचे धक्के. इथे लोखंड अजिबात उघडं ठेवायचं नाही, हा नियम केला. खांब आरसीसी, कडेच्या भिंतीही १२५ मिमी जाडीच्या आरसीसी. दुसरा पट्टा तिथून वळचणीपर्यंत, जिथे फवाऱ्याचे तुषार पोचतात. खांब १.२ मीटरवर थांबवून वर लोखंडी खांब उभे करता आले असते आणि खर्च थोडा वाचला असता. पण लिफ्टवर चढवलेल्या गाडीचा तळ धुताना फवारा तीन मीटरपर्यंत उडतो, म्हणून आठही खांब आरसीसीत साडेचार मीटरपर्यंत नेले आणि माथ्यावर त्यांना तुळईनं बांधलं. तिसरा पट्टा वरचा. तिथे रसायन पोचत नाही. असते ती खारी वाफ आणि पहाटेचं दव. तिथे जस्तात बुडवलेलं पोलाद चालतं.

खांब ३५० बाय ३५० मिमी. सळया १६ मिमीच्या चार आणि १२ मिमीच्या चार, रिंगा ८ मिमीच्या १५० मिमीवर, वर-खाली सांध्याजवळ १०० मिमीवर. आठ खांबांचं काँक्रीट सुमारे ४.४ घनमीटर. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे किनाऱ्यालगतचं काँक्रीट "तीव्र" वर्गात येतं: ताकदीची प्रत किमान एम३०, घनमीटरला सिमेंट ३२० किलो, कव्हर ४५ मिमी. समुद्राच्या पाण्याचे तुषार लागत असतील तर "अति तीव्र": एम३५, ३४० किलो, कव्हर ५० मिमी. दोन्हींत पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. इथे समुद्राची लाट येत नाही, पण मासळीचं पाणी रोज येतं. म्हणून अति तीव्र धरलं आणि प्रमाण ०.४० वर आणलं. सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं), कारण त्याच्या काँक्रीटमधून मिठातलं क्लोराइड आत झिरपायला जास्त वेळ लागतो.

खांब जड असण्याचा आणखी एक फायदा वाऱ्यात दिसतो. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे पत्रे कसे उडाले ते कोकणात कोणाला सांगायला नको. हिशोबाला धरायचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ या मानकात मुंबईला ४४ आणि पणजीला ३९ मीटर प्रति सेकंद आहे. इथे सुरक्षित बाजूनं ४४ घेतला. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. छपराचं क्षेत्र वळचणीसकट १२४ चौरस मीटर. छपराच्या आकाराचा गुणांक एक धरला तरी वर ओढणारं बळ १४.६ टन, पत्रा आणि पोलादाचं वजन अडीच टन वजा केलं की खांबाला दीड टन उचल येते. एका आरसीसी खांबाचं नुसतं वजन जवळपास १.४ टन, शिवाय फुटिंगचं, म्हणजे जमिनीखालच्या पायाचं, वेगळं. पाइपच्या हलक्या खांबाला हे सगळं कोब्याच्या पकडीवर सोडावं लागायचं. हा कागदावरचा ठोकताळा आहे. उघड्या शेडचे गुणांक कडेला आणि कोपऱ्याला वाढतात, तिथला हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरनं स्वतंत्र केला.

कैच्या चार, ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलच्या. पर्लिन ७५ मिमीच्या चॅनलच्या. एकूण पोलाद सुमारे १.९ टन. पोकळ सेक्शन एकही नाही. उघड्या सेक्शनची प्रत्येक बाजू डोळ्यांना दिसते, ब्रशला सापडते आणि पाण्यानं धुता येते. जोड-अँगलमध्ये मात्र दोन पाठींच्या मधे फट राहते आणि पाणी तिथेच बसतं. म्हणून दोन अँगल ८ मिमीच्या पट्टीनं अंतरावर ठेवले, म्हणजे जस्तही आत शिरलं. चॅनलचं उघडं तोंड उताराच्या दिशेला ठेवलं, नाहीतर त्यात धूळ आणि दव साठून चिखल होतो. असं ठेवल्यानं चॅनलला पीळ जास्त बसतो. तो सॅग रॉडनं, म्हणजे पर्लिन एकमेकींना बांधणाऱ्या बारीक सळयांनी, धरला.

कैची आठ मीटरची, अखंड बुडवायला टाकं पुरत नाही. दोन अर्ध्यांत केली आणि मधे बोल्टचा जोड ठेवला. कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग, सगळं बुडवण्याआधी. बुडवून आल्यावर साइटवर फक्त पाना चालवायचा. बोल्ट ८.८ या ताकदीच्या प्रतीचे, तेही जस्तात बुडवलेले. त्याहून कडक १०.९ चे बोल्ट बुडवून घेणं टाळलं. आम्लानं साफ करताना त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याची भीती असते.

आणि आता पत्रा. रंगीत पत्र्याच्या वरच्या बाजूला २० ते २५ मायक्रॉन रंग असतो, खालच्या बाजूला नुसता ५ ते ७ मायक्रॉनचा पाठीचा हात. घराला ते ठीक, कारण घरात खालची बाजू कोरडी असते. वॉशिंगच्या शेडमध्ये शत्रू खालीच आहे. म्हणून ०.५० मिमीचा, ॲल्युमिनियम-जस्ताचा १५० जीएसएम थर असलेला आणि दोन्ही बाजूंना २५ मायक्रॉन रंगाचा पत्रा खास सांगून मागवला. दुकानात असा तयार नसतो, ऑर्डर द्यावी लागते, आठवडे लागतात. ते आधीच धरून चालावं. पाटीवरचा ब्रँड कोणता याला तितकंसं महत्त्व नाही. चलनावर दोन्ही बाजूंच्या रंगाची जाडी लिहून घेण्याला आहे. पारदर्शक पत्रे टाळले. त्यांच्या भोकांभोवती तडे जातात आणि गळती तिथूनच सुरू होते.

पश्चिमेच्या झडीसाठी कायमची भिंत घातली नाही. भिंत घातली तर आतली हवा कोंडते आणि कैच्या दिवसभर ओल्या राहतात. पूर्वी घरांना पावसाळ्यापुरती चुडतांची (माडाच्या विणलेल्या झावळ्यांची) झड बांधत, त्याच तऱ्हेनं जून ते सप्टेंबर लावायच्या एफआरपी चौकटी केल्या. नवरात्राच्या सुमारास काढून ठेवता येतात.

जमीन आणि गटार

फरशी १५० मिमी जाडीची, एम३५, १२ बाय ८ ला १४.४ घनमीटर. उतार ५० ला १, मधल्या गटाराकडे. याहून कमी उतार दिला तर लाल मातीचा गाळ वाटेतच बसतो. जुन्या शेडमध्ये गटाराच्या काठाला लोखंडी अँगल बसवला होता. तो फुगला आणि काठाचं काँक्रीट त्यानं उचकटलं. या वेळी काठात अँगलच नाही. काँक्रीटमध्ये खाच ठेवून एफआरपीची जाळी बसवली, गाडीच्या चाकाचा भार सांगून ३८ मिमी जाडीची. गटारातून पाणी आधी गाळाच्या टाकीत, मग तेल वेगळं करणाऱ्या तीन कप्प्यांच्या टाकीत.

रिम साफ करायच्या आम्लासाठी एक कोपरा राखून ठेवला. तिथे व्हिट्रिफाइड टाइल्स आणि इपॉक्सीचं ग्राउट. सगळ्या फरशीवर इपॉक्सी लावायचा आग्रह होता, तो मानला नाही. ओल धरलेल्या काँक्रीटवर इपॉक्सीला फोड येतात, आणि ओलं इपॉक्सी घसरडं असतं.

कामावर काय चुकलं

वाळूची पहिली गाडी खाडीची निघाली. पुरवठादार म्हणाला, "धुतलेली आहे." बाटलीत वाळू आणि शुद्ध पाणी हलवून, वरच्या नितळ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, दुधासारखा साका आला. गाडी परत गेली आणि क्रश सँड (खडी दळून केलेली वाळू) आणली. ही चाचणी फक्त क्लोराइड आहे की नाही एवढं सांगते, किती आहे ते प्रयोगशाळाच सांगते. पण गाडी नाकारायला एवढं पुरतं. विहिरीचं पाणीही तपासलं. सळईच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइड ही मर्यादा आहे, आणि मचूळ पाण्याच्या महिन्यांत ही विहीर त्यापुढे जाते. काम मार्चपर्यंत लांबल्यानं मिसळायला आणि क्युरिंगलाही (काँक्रीट भिजतं ठेवायला) टँकरचं गोडं पाणी घेतलं. मिसळायला गोडं पाणी आणि क्युरिंगला विहिरीचं, ही काटकसर फार ठिकाणी दिसते. ताज्या काँक्रीटवर महिनाभर मीठ शिंपडल्यासारखीच ती गोष्ट.

पाण्याचं माप हा रोजचा झगडा. ५० किलोच्या गोणीला ०.४० च्या प्रमाणानं २० लिटर पाणी, त्यातूनही ओल्या क्रश सँडमधलं पाणी वजा. मिस्त्रीच्या हाताला सवय २८-३० लिटरची, म्हणजे ०.५६ ते ०.६०. प्लॅस्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल करणारं रसायन) घातल्याशिवाय २० लिटरचं काँक्रीट साच्यात नीट बसत नाही आणि मग कोणीतरी गुपचूप बादली ओततोच. प्लॅस्टिसायझर आधी आणून ठेवला आणि पाण्याच्या बादलीला खूण केली, तेव्हा हे थांबलं.

कव्हर ब्लॉक त्याच एम३५ काँक्रीटचे, ५० मिमीचे, ओतून महिनाभर भिजवलेले. संगमरवराचे तुकडे वापरू दिले नाहीत. तरीही एका खांबात पिंजरा सरकला. साचा काढल्यावर कव्हर मीटरनं एका बाजूला ३० मिमी दाखवलं. त्या बाजूचा पृष्ठभाग खरवडून पॉलिमर मॉर्टरचा २५ मिमी थर दिला. दिसायला खांब जरा जाड दिसतो, पण त्याला इलाज नाही. बायंडिंग वायरची टोकं आत वळवायची, हे प्रत्येक खांबाला पुन्हा सांगावं लागलं. बाहेर आलेलं एक टोक गंजाला आतली वाट दाखवतं.

जस्तात बुडवलेला माल आल्यावर प्रत्येक नगावर पाच ठिकाणी थराची जाडी मोजणारं गेज लावलं. दोन अँगल सरासरीत कमी भरले, परत पाठवले. अवकाळी सरी आल्या तेव्हा माल एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवलेला होता. चार दिवसांत त्यावर पांढरी पूड आली. जस्त ओलं आणि हवेविना राहिलं की असं होतं. नगांमध्ये लाकडी पट्ट्या घालून, एक टोक उंच करून ठेवलं की होत नाही. पूड नायलॉन ब्रशनं काढली, थर मोजला, पुरेसा होता.

प्रेशरची लाइन टांगायला प्लंबरनं कैचीला एक पट्टी वेल्ड केली. जाळलेल्या जागेचं जस्त गेलं. पट्टी काढून जागा घासली आणि झिंकयुक्त रंगाचा १०० मायक्रॉनहून जाड थर दिला. अशा दुरुस्तीला मर्यादा असते: एका जागी १० चौरस सेंटिमीटर, आणि नगाच्या एकूण पृष्ठभागाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त नाही. त्यानंतर सगळं क्लॅम्पनं टांगलं. इलेक्ट्रिशियनची अर्थिंगची तांब्याची पट्टी कैचीवरून नेलेली होती; तांब्यावरून ओघळणारं पाणी खालच्या जस्तात खड्डे पाडतं. ती बदलून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी घातली.

रंग शेवटी. जस्तावर थेट ऑइलपेंट लावू नये. जस्त आणि तेलाची साबणासारखी भुकटी होते आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. पृष्ठभाग हलकेच खरबरीत करून इपॉक्सीचे दोन हात आणि वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) एक दिला. एवढं करूनही स्क्रूकडे दुर्लक्ष झालं असतं. साध्या पिवळट लकाकीच्या स्क्रूवर जस्त पाच-सात मायक्रॉनचं. इथे स्टेनलेस डोक्याचे स्क्रू आणि रबरी वॉशर वापरले. वळचण आणि पाख्याच्या कडेला प्रत्येक खाचेत एक, मधे एकाआड एक.

देखभाल मालकाच्या वेळापत्रकात टाकली. दिवाळी ते मे, महिन्यातून एकदा, गोड्या पाण्यानं आतून कैच्या, पर्लिन आणि पत्र्याची खालची बाजू धुवायची. दाब ४० बारच्या आत, जोडांवर थेट धार नाही. हा दिवस सोमवारचा ठरला, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी. मिरगाच्या आधी छपरावर चढून सैल स्क्रू आवळायचे, गाळाची टाकी उपसायची, खांबांच्या कोपऱ्यांवर केसासारखे तडे दिसतात का ते पाहायचं. आम्लाचे कॅन पंपाच्या खोलीत ठेवायचे नाहीत. त्यांची वाफ मोटरच्या तांब्याला खाते. त्यांच्यासाठी दाराबाहेर झाकणाची प्लॅस्टिकची पेटी ठेवली आहे, आणि तिची चावी रिमचं काम करणाऱ्या एकाच मुलाकडे असते.